चांगला चोरिझो बाजारात कसा ओळखावा आणि खाटकाकडून कसा घ्यावा?

रानवारा
नमस्कार. ‘चोरिझो’ (बहुधा डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज) अशी पाटी लावलेला पदार्थ बाजारात किंवा खाटकाच्या दुकानात घेताना नेमके काय पाहावे, याविषयी जाणकारांकडून सविस्तर समजून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे. त्या एका नावाखाली कधी टणक, सुकलेली, काप करून तशीच खाता येणारी कांडी मिळते, तर कधी हाताला ओलसर लागणारे, शिजवल्याशिवाय तोंडात घालू नये असे कच्चे मसालेदार मांस मिळते. आणि विकणाऱ्याला दोन्हींतला फरक विचारला तर समाधानकारक उत्तर क्वचितच मिळते. बऱ्याच पाककृतींतही कोणता चोरिझो वापरायचा हे लिहिलेले नसते, त्यामुळे पदार्थ बिघडला तर दोष पाककृतीचा की मांसाचा, हे कळायला मार्ग उरत नाही.

मला मुख्यतः मालाची पारख शिकायची आहे. रंगावरून काही कळते का, चरबी किती असावी, वरच्या आवरणावरची पांढरी बुरशी चांगली की वाईट, आणि खाटकाने स्वतः केलेला माल पाकीटबंद मालापेक्षा खात्रीने चांगला असतो का, यांवर ज्यांनी विचार केला आहे त्यांनी कृपया लिहावे.

माजघर
रानवारा, पारख करण्याआधी समोरचा माल कोणत्या घराण्यातला आहे हे ठरवावे लागते, कारण एका प्रकारातला गुण दुसऱ्या प्रकारात दोष ठरतो.

स्पेनमधला चोरिझो म्हणजे डुकराचे जाडसर कापलेले मांस आणि चरबी, मीठ, लसूण आणि पिमेंतोन, म्हणजे तिथली लाल मिरचीची पूड. हे मिश्रण मुरवून आतड्यात भरतात आणि थंड, हवेशीर जागी टांगून सुकवतात. त्या काळात मांसात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात, मांस किंचित आंबते, त्यातले पाणी उडून जाते आणि कांडीचे वजन साधारण एक तृतीयांशाने घटते. पूर्ण सुकलेला असा चोरिझो न शिजवता खाल्ला जातो. मात्र स्पेनमध्येही सगळा माल या जातीचा नसतो. अर्धवट सुकवलेला, डाळींच्या किंवा पांढऱ्या, पिठूळ घेवड्याच्या दाण्यांच्या रश्शात शिजवण्यासाठी केलेला चोरिझो वेगळा मिळतो, आणि नव्हारा प्रांतातली चिस्तोरा ही बोटाएवढी बारीक कांडी तर जेमतेम सुकवलेली असते व ती तळून किंवा भाजूनच खातात.

मिरची अमेरिका खंडातून आली, त्यामुळे स्पेनमधल्या सॉसेजचा लाल रंग १४९२ नंतरचा आहे. त्याआधीची सॉसेज फिकट किंवा रक्त घातल्यामुळे काळसर असत. आज मात्र पिमेंतोन हाच स्पॅनिश चोरिझोचा प्राण आहे. एस्त्रेमादुरा भागातल्या ला व्हेरा खोऱ्यात मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर सुमारे दोन आठवडे वाळवतात आणि मग दळतात, तर मुर्सियाकडची मिरची धुराविना वाळवलेली असते. त्यामुळे चोरिझोला येणारा धुराचा वास अनेकदा कांडीला दिलेल्या धुरीचा नसून पुडीतूनच आलेला असतो. गोड आणि तिखट अशा दोन्ही पुडी असल्याने चोरिझोही ‘दुल्से’ म्हणजे सौम्य आणि ‘पिकांते’ म्हणजे तिखट अशा दोन तऱ्हांचा मिळतो; वेष्टनावर यांपैकी एक शब्द असतो आणि तो पाहूनच घ्यावे.

अक्षांश
मेक्सिकोचा चोरिझो ही पूर्णपणे वेगळी वस्तू आहे. तो कच्चा असतो. त्यात पिमेंतोनऐवजी भिजवून वाटलेल्या सुक्या मिरच्या असतात, प्रामुख्याने ग्वाहियो आणि आंचो, आणि त्यांच्याबरोबर व्हिनेगर, लसूण, ओरेगानो, जिरे, लवंग, कधी दालचिनी असते. शिजवताना बहुधा आवरण फाडून आतले मांस तव्यावर मोकळे करतात आणि ते अंड्यात, बटाट्यात किंवा टाकोमध्ये घालतात. तोलुका शहर यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे लाल चोरिझोइतकाच हिरवाही मिळतो, ज्यात कोथिंबीर, हिरव्या मिरच्या आणि भोपळ्याच्या बिया असतात. ओआहाकाकडे लहान, गोलसर कांड्यांच्या माळा दोऱ्याने बांधून दुकानात टांगलेल्या दिसतात.

मेक्सिकन पद्धतीचा माल घेताना सर्वाधिक काळजी प्लास्टिकच्या नळीत भरून विकल्या जाणाऱ्या स्वस्त प्रकाराची घ्यावी. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा काही नळ्यांवर घटकांच्या यादीत डुकराच्या लाळग्रंथी आणि लसिकाग्रंथी सरळ लिहिलेल्या असतात. ते विषारी नाही आणि कायद्याने वैध आहे, परंतु तव्यावर टाकल्यावर त्याचा लगदा होतो, भरपूर लाल तेल सुटते आणि चावायला मांस असे काही उरत नाही. काही लोकांना तीच चव लहानपणापासून प्रिय असते, त्याबद्दल मला आदर आहे. परंतु ज्यांना मांसाचा दाणा हवा आहे त्यांनी यादीतला पहिला शब्द ‘पोर्क’ आहे ना आणि त्यानंतर ग्रंथींचा उल्लेख नाही ना, हे वाचूनच नळी उचलावी.

दक्षिणेकडे अर्जेंटिनात चोरिझो कच्चाच असतो, पण त्यात मिरचीचा रंग जवळजवळ नसतो. तो निखाऱ्यावर भाजून पावात घालून खातात. लाल नाही म्हणून तो नकली समजू नये.

चुलाण
आता रानवारा यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या मते सुकलेल्या चोरिझोची पारख कापलेल्या भागावरून जितकी होते तितकी दुसऱ्या कशावरूनही होत नाही, म्हणून विक्रेत्याला एक कांडी तिरकी कापून दाखवायची विनंती निःसंकोच करावी. माल चांगला असेल तर विक्रेता आनंदाने कापतो.

कापात मांसाचे तुकडे आणि चरबीचे तुकडे वेगवेगळे, स्पष्ट कडांचे दिसले पाहिजेत. मांस गडद लाल, चरबी पांढरी किंवा पिमेंतोनमुळे नारिंगी झाक आलेली, आणि दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेली, मध्ये पोकळी नाही, असे दिसले तर बनवणाऱ्याने काम मन लावून केले आहे असे समजावे. याउलट सगळा काप एकसारखा गुलाबी-लाल, बारीक आणि मळलेल्या पिठासारखा दिसत असेल, तर एकतर मांस फार बारीक दळलेले आहे किंवा दळताना ते पुरेसे थंड नव्हते आणि चरबी वितळून मांसाच्या कणांवर माखली गेली आहे. अशी माखलेली चरबी पुढे पाणी बाहेर पडू देत नाही, म्हणून कांडी नीट सुकतही नाही आणि तिला दाणाही येत नाही. बरेच खाटीक मांस फ्रीजमधून काढून तसेच यंत्रात घालतात. मांस, चरबी आणि यंत्राची पाती, सगळेच गोठणबिंदूच्या आसपास थंड असायला हवे.

कडेला गडद, कडक वर्तुळ आणि मधे मऊ, फिकट गाभा दिसला तर ती कांडी घाईने सुकवलेली आहे. हवा फार कोरडी असली की बाहेरचा थर आधी आवळतो आणि आतले पाणी अडकून राहते. अशा कांडीचा गाभा आंबूस आणि पचपचीत लागतो, आणि ती टिकण्याच्या दृष्टीनेही भरवशाची नसते. दाबून पाहिल्यावर कांडी सगळीकडे सारखी टणक लागावी. बाहेरून दगडासारखी आणि आतून दबणारी नको.

चरबीची भीती बाळगू नये. एकूण मिश्रणात साधारण पंचवीस ते तीस टक्के चरबी नसेल तर चोरिझो कोरडा, चामट होतो. चरबी पिवळी पडली असेल आणि जुन्या तेलासारखा खवट वास येत असेल तर मात्र घेऊ नये. स्पेनमधल्या इबेरिको जातीच्या डुकरांच्या चोरिझोत चरबी साध्या तापमानालाच मऊ, चकचकीत होते. ओकच्या फळांवर चरलेल्या डुकरांच्या चरबीत ओलेइक आम्ल भरपूर असते, त्यामुळे हा मऊपणा दोष नसून गुण आहे.

बुरशीबद्दल. नैसर्गिक आतड्यावर पांढरी, कोरडी, पिठूळ बुरशी असणे सुकवलेल्या मांसात सामान्य आहे आणि अनेक उत्पादक ती मुद्दाम लावतात, कारण ती ओलावा हळू उडू देते आणि नको त्या बुरशींना जागा देत नाही. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी, हाताला लागणारा चिकटपणा आणि तीव्र आंबट किंवा अमोनियासारखा वास, यांतले काहीही आढळले तर तो माल सोडून द्यावा. वरून पुसून चालणार नाही.

दर्यावर्दी
चुलाण यांनी छान लिहिले आहे. मात्र गोव्याच्या चोरीसला ही पारख जशीच्या तशी लावू नये, म्हणून त्याबद्दल थोडे लिहितो. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १९६१ पर्यंत ते तिथे होते. त्यांच्या शोरिसोपासून निघालेला हा पदार्थ आज स्वतंत्र उभा आहे. पोर्तुगालमध्ये मांसाला वाइन, लसूण आणि लाल मिरचीची पूड लावतात आणि कांड्या लाकडाच्या धुरावर धरतात. गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या ताडीचे व्हिनेगर वापरू लागले आणि त्याबरोबर आले (अद्रक), मिरी, जिरे, हळद, लवंग, दालचिनी हे मसाले घालू लागले. चोरीस त्यामुळे बराच आंबट आणि तिखट असतो, आणि तो दिसायला सुकलेला असला तरी शिजवल्याशिवाय खाण्याचा नव्हे. हे स्पष्ट लिहिण्याचे कारण असे की स्पॅनिश चोरिझोची सवय असलेले लोक चोरीसचेही काप करून चीजबरोबर मांडतात, आणि ते धोक्याचे आहे.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मण्यांसारख्या लहान कांड्यांच्या माळा टांगलेल्या असतात. तिथे घेताना माझे पाहणे तीन गोष्टींकडे असते. पहिली म्हणजे वास: व्हिनेगरचा तरतरीत वास आधी यावा आणि त्यामागून मसाल्याचा व धुराचा, नुसताच आंबूस, कुजकट वास आला तर व्हिनेगर कमी पडले आहे किंवा ऊन पुरेसे मिळालेले नाही. दुसरी म्हणजे दोन कांड्यांमधला दोरा: तिथे ओल साठून चिकटपणा येतो आणि माल बिघडायला तिथूनच सुरुवात होते. तिसरी म्हणजे आत नक्की काय भरले आहे. एक कांडी चिरून दाखवायला सांगावी आणि चरबीचेच तुकडे जास्त आहेत की हाताने कापलेले मांसही पुरेसे आहे, ते पाहावे. चोरीसला यंत्राचा खिमा शोभत नाही. हाताने केलेले लहान चौकोनी तुकडे असले पाहिजेत.

ऋतूही महत्त्वाचा आहे. कडक उन्हाच्या महिन्यांत वाळवलेला माल पावसाळ्याच्या बेगमीसाठी, तिथे ज्याला पुरुमेंत म्हणतात त्यासाठी, घेऊन ठेवण्याची रीत आहे. ऐन पावसात नव्याने वाळवलेल्या मालाबद्दल मी सावध राहतो, कारण दमट हवेत ऊन मिळत नाही आणि नुसत्या धुरावर आतपर्यंत सुकवणे कठीण जाते.

शेवंती
दर्यावर्दी आणि चुलाण, दोघांचे प्रतिसाद फार उपयुक्त आहेत. मात्र या धाग्यात खाटकाने स्वतः केलेला माल म्हणजे आपोआप श्रेष्ठ, असा समज मला नको आहे, आणि त्याबाबतीत माझे मत ठाम आहे.

कच्चा चोरिझो खाटकाकडूनच घ्यावा, हे मला मान्य आहे. तो ताजा असतो, कोणते मांस वापरले हे विचारता येते आणि आपल्या आवडीप्रमाणे तिखट कमी-जास्त करून मिळते. सुकवलेल्या चोरिझोची गोष्ट वेगळी आहे. मांस आठवडेच्या आठवडे न शिजवता टांगायचे, तर मिठाचे प्रमाण, नायट्राइट किंवा नायट्रेटयुक्त मीठ, साधारण १२ ते १५ अंश तापमान आणि ७० ते ८० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता, हे सगळे सांभाळावे लागते. नायट्राइट हे केवळ रंगासाठी नसते. हवा न पोहोचणाऱ्या गाभ्यात बॉटुलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) जिवाणू वाढू नये, हे त्याचे मुख्य काम आहे. ज्या दुकानात या सगळ्याची सोय आहे आणि विक्रेता त्याबद्दल मोकळेपणाने सांगतो, तिथला माल अवश्य घ्यावा. परंतु दुकानाच्या मागच्या खोलीत पंख्याखाली कांड्या टांगून ‘घरगुती पद्धत’ म्हणून विकणाऱ्याकडून न शिजवता खाण्यासाठी माल घेण्यापेक्षा मी चांगल्या उत्पादकाचा पाकीटबंद चोरिझो केव्हाही पत्करेन.

युरोपीय संघाच्या भौगोलिक मानांकनाचा उपयोग इथे होतो. ला रिओहाचा चोरिझो आणि सेगोव्हिया प्रांतातला कांतिंपालोसचा चोरिझो या दोन्हींना असे संरक्षण आहे. निळ्या-पिवळ्या गोल चिन्हाचा अर्थ असा की तो माल ठरलेल्या प्रदेशात, ठरलेल्या घटकांतून आणि ठरलेल्या रीतीने केलेला आहे व त्याची तपासणी होते. हे चिन्ह नसलेला माल वाईट असतो असे अजिबात नाही, पण ज्याला अजून पारख नाही त्याने चवीची ओळख करून घेण्यासाठी आधी असा एखादा चोरिझो खाऊन पाहावा, म्हणजे पुढे तुलना करायला काहीतरी पक्के हाताशी राहते.

चुलाण
शेवंती, तुमचा मुद्दा योग्य आहे आणि सुकवलेल्या मालाच्या बाबतीत मी पूर्ण सहमत आहे. मी केवळ एवढे जोडेन की पाकीटबंद मालातही पाकिटाच्या पुढच्या चित्रापेक्षा मागची यादी बोलकी असते. चांगल्या चोरिझोच्या यादीत मांस, चरबी, पिमेंतोन, मीठ, लसूण, थोडी साखर आणि नायट्रेट किंवा नायट्राइट, एवढ्यावर बहुधा काम भागते. दुधाची भुकटी, लॅक्टोज, सोयाचे प्रथिन, स्टार्च, डेक्स्ट्रिन अशी रांग लागली, तर पाणी धरून ठेवून वजन वाढवण्याची आणि सुकवण्याचा वेळ वाचवण्याची ती व्यवस्था असते. ई १२० हा आकडा दिसला तर तो कोचिनील किड्यापासून मिळणारा लाल रंग आहे. त्याने अपाय होतो असे नव्हे, पण पिमेंतोन पुरेसे घातले असते तर त्याची गरज पडली नसती.

काही वेष्टनांवर ‘१०० ग्रॅम मालासाठी इतके ग्रॅम मांस वापरले’ असे वाक्य असते. तो आकडा १३० किंवा १४० असेल तर माल खरोखर सुकवलेला आहे हे कळते. माझ्या दृष्टीने वेष्टनावरची ही सर्वांत प्रामाणिक ओळ आहे.

रानवारा
सर्वांचे मनापासून आभार. एक व्यावहारिक अडचण विचारते. ज्या खाटकाकडे चोरिझो तयार मिळत नाही, परंतु मांस उत्तम मिळते, त्याला कच्चा चोरिझो करून द्यायला सांगता येईल का? आणि सांगायचे झाले तर नेमके कोणत्या शब्दांत सांगावे, म्हणजे तो साधे सॉसेज करून त्यात तिखट घालून देणार नाही?

चुलाण
अवश्य सांगता येईल, आणि माझ्या मते कच्च्या चोरिझोसाठी हाच सर्वोत्तम मार्ग आहे. खाटकाला पदार्थाचे नाव सांगण्यापेक्षा काम सांगावे. खांद्याचे मांस मागावे, कारण त्यात मांस आणि चरबी यांचे प्रमाण मुळातच चांगले असते. ते फार कोरडे वाटले तर पाठीवरची घट्ट चरबी थोडी वाढवायला सांगावी, पोटातली मऊ चरबी नको. यंत्राला मोठ्या भोकांची, ८ ते १० मिलिमीटरची चकती लावून एकदाच दळायला सांगावे आणि मांस अगदी थंड असतानाच दळावे, हे आवर्जून सांगावे.

पुढचे घरीही करता येते. किलोभर मांसाला १८ ते २० ग्रॅम मीठ, २० ते २५ ग्रॅम पिमेंतोन आणि तीन-चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या घालून मिश्रण हाताला चिकटू लागेपर्यंत मळावे आणि रात्रभर फ्रीजमध्ये मुरू द्यावे. या चिकटपणाला महत्त्व आहे: मिठामुळे मांसातली प्रथिने सुटतात आणि तीच पुढे तुकड्यांना एकत्र धरतात. मेक्सिकन पद्धतीचा हवा असेल तर पिमेंतोनऐवजी वाटलेल्या सुक्या मिरच्या, व्हिनेगर आणि मसाले घालावेत. आतड्यात भरलेच पाहिजे असे नाही. मोकळे मांसही उत्तम शिजते.

पिमेंतोनमध्ये कंजुषी करू नये आणि जुनी, तपकिरी पडलेली पूड वापरू नये. चोरिझोचा सगळा गंध तिच्यावर उभा असतो आणि शिळ्या पुडीची उणीव पुढे कशानेही भरून निघत नाही.

असे केलेले मांस कच्चेच आहे हे विसरू नये. ते दोन दिवसांत शिजवावे किंवा गोठवावे, आणि शिजवताना आतले तापमान ७१ अंश सेल्सियसपर्यंत जाऊ द्यावे. शेवंती यांनी सांगितलेली साधने हाताशी असल्याशिवाय ते सुकवण्याचा प्रयत्न करू नये.

माजघर
मांस शिजवण्याचा विषय निघाला आहे म्हणून तव्यावरची पारखही सांगते, कारण दुकानात न कळलेले बरेच काही तिथे उघड होते. नवीन ठिकाणाहून माल आणला की आधी एक छोटा तुकडा तेल न घालता थंड तव्यावर ठेवावा आणि मंद आच द्यावी. चांगल्या चोरिझोतून काही वेळातच स्वच्छ, नारिंगी-लाल तेल सुटते, कारण मिरचीतले रंगद्रव्य चरबीत विरघळते. मांस आपला आकार राखते आणि कडेने खरपूस होते. पांढरट फेस आणि पाणी सुटून तुकडा भाजण्याऐवजी उकडू लागला, तर त्यात पाणी धरणारे घटक भरपूर आहेत. मांस लालभडक असूनही सुटलेले तेल फिकटच राहिले, तर रंग मिरचीचा नसून वरून घातलेला असण्याची शक्यता जास्त, कारण कोचिनीलचा रंग चरबीत उतरत नाही.

आच मोठी ठेवून घाई केली तर पिमेंतोन जळते आणि चांगल्या मालालाही कडवट चव येते, मग दोष उगाच खाटकाच्या माथी जातो. ते सुटलेले तेल टाकून देऊ नये. त्यातच कांदा, बटाटा किंवा भात परतावा, कारण चोरिझोच्या पदार्थांत निम्मी चव त्या तेलाचीच असते.

अक्षांश
डुक्कर न खाणाऱ्यांसाठी थोडक्यात: गोमांसाचा, कोंबडीचा आणि सोयाचा चोरिझोही मिळतो. गोमांसाची चरबी डुकराच्या चरबीपेक्षा जास्त तापमानाला वितळते, म्हणून तो गरमच खावा, गार झाल्यावर टाळूला चरबीचा थर लागतो. कोंबडीचा चोरिझो छातीच्या मांसाचा असेल तर कोरडा होतो. मांडीचे मांस वापरले आहे का, हे विचारून घ्यावे. सोयाचा प्रकार मेक्सिकन पद्धतीच्या, मोकळे करून परतण्याच्या पदार्थांत चांगला चालतो, काप करण्यासाठी मात्र तो योग्य नाही.

शेवंती
आणखी एक गोष्ट सुरक्षिततेची आहे आणि ती स्पष्ट लिहायला हवी. डुकराच्या मांसातल्या ट्रायकिनेला या कृमीचा धोका औद्योगिक पालनात फार कमी झाला असला तरी मोकाट चरणाऱ्या किंवा रानडुकराच्या मांसात तो अजूनही असतो. डुकराचे मांस, १५ सेंटिमीटरपेक्षा जाड नसेल तर, उणे १५ अंशांवर २० दिवस गोठवल्यास ही कृमी मरते; परंतु रानटी प्राण्यांतल्या काही जाती थंडीला दाद देत नाहीत, म्हणून रानडुकराचा चोरिझो गोठवला असला तरी नीट शिजवूनच खावा. गर्भवती स्त्रियांनी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी सुकवलेला चोरिझोही शिजवूनच खावा, हे उत्तम.

रानवारा
शेवटचा प्रश्न साठवणीचा. आख्खी कांडी आणि कापलेली कांडी यांत किती फरक करावा? आणि हवाबंद पाकिटातला चोरिझो उघडल्यावर ओलसर आणि थोडा विचित्र वासाचा का लागतो?

दर्यावर्दी
हवाबंद पाकिटात कांडीतली आर्द्रता बाहेर जाऊ शकत नाही, ती पृष्ठभागावर जमते आणि वास कोंडतो. पाकीट उघडून कांडी कोरड्या कापडाने पुसावी आणि तासभर उघडी ठेवावी; वास निवळला तर माल ठीक आहे, आणि आंबट किंवा कुजकट वास तसाच राहिला तर तो परत करावा. पूर्ण सुकलेली आख्खी कांडी थंड, कोरड्या, हवेशीर जागी टांगून ठेवता येते, पण हवा उष्ण किंवा दमट असेल तर फ्रीजच बरा. कापल्यावर उघडा भाग कागदाने झाकून फ्रीजमध्ये ठेवावी. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळली की पृष्ठभाग लवकर चिकट होतो. काप करण्याआधी अर्धा तास बाहेर काढावी, कारण गार चरबीत चव बंदच राहते.

गोव्याचा चोरीस मी माळ सोडवून, एका वेळी लागतील तेवढ्या कांड्यांच्या पुड्या करून गोठवतो. व्हिनेगर आणि मिठामुळे तो गोठवल्यावर चवीत फारसा उतरत नाही. शिजवताना कांड्या आवरण चिरून मोकळ्या कराव्यात आणि आधी थोड्या पाण्यात उकळू द्याव्यात. पाणी आटले की त्यांचीच चरबी सुटते आणि मग भरपूर उभा चिरलेला कांदा त्यात परतावा. वेगळे मीठ घालण्याआधी मात्र चाखून पाहावे.